खेळ कच्चा, मत कुणाचं?

७ मे २०२४ ला रायगड लोकसभा मतदारसंघात मतदान होतं. माझी भाची त्यासाठी पुण्याहून तळ्याला आली होती. नोकरी पुण्यात असली तरी मतदार यादीतलं नाव तिने मुद्दाम इथेच ठेवलं आहे. सकाळी ती आजीला हाताला धरून शाळेत घेऊन गेली, दोघींनी मत दिलं, आणि घरी आल्यावर शाईचं बोट मिरवत भाची पडवीत लॅपटॉप उघडून बसली. आदल्याच दिवशी ‘हेडीस २’ नावाचा एक व्हिडिओ गेम विक्रीला निघाला होता. अमेरिकेतल्या सुपरजायंट गेम्स या कंपनीचा. भाचीने तो स्वतःच्या पगारातून विकत घेतला होता.

विक्रीला निघाला म्हणजे पुरा तयार झाला असं मात्र नाही. मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच जणींना हा प्रकार नवा असेल, म्हणून थोडं सांगते. याला ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात. खेळ अर्धामुर्धा झालेला असतानाच विकायला काढायचा. घेणाऱ्यांनी तो खेळायचा, काय आवडलं, काय खुपलं ते कळवायचं. आणि त्या सांगण्यावरून करणाऱ्यांनी तो महिनोन् महिने सुधारत न्यायचा. ‘स्टीम’ हे संगणकावरच्या खेळांचं मोठं दुकान आहे. त्याने मार्च २०१३ मध्ये अशा कच्च्या खेळांसाठी वेगळं दालन उघडलं आणि मग ही रीत रुळत गेली. ‘हेडीस २’ पुरा झाल्याचं कंपनीने जाहीर केलं ते २५ सप्टेंबर २०२५ ला. तोवर सोळा महिन्यांहून जास्त काळ तो लोकांच्या अभिप्रायावर घडत होता.

हा खेळ ज्या जातीचा आहे तिला ‘ॲक्शन रोल-प्लेइंग’ म्हणतात. आपण एका पात्राची भूमिका घ्यायची, लढायचं, लढता लढता बळ आणि हत्यारं कमवायची. ‘हेडीस २’ मधलं पात्र एक मुलगी आहे, मेलिनोई. पाताळाच्या राजाची लेक. तिच्या आजोबाने, म्हणजे प्रत्यक्ष काळाने, तिच्या आईबापांना कैद केलं आहे. एका जादूगारणीने तिला लहानाची मोठी केली. ती रोज रात्री लढायला निघते, हरते, परत येते, काहीतरी शिकते आणि पुन्हा निघते. वाटेत झाडपाला, धातू, मासे गोळा करते, कारण तिच्या विद्येला ते लागतं.

आई बाजूला तांदूळ निवडत होती. तासभर तिने बघितलं आणि मग म्हणाली, “काय गो, ही एवढी लांब जाते, तर कुदळ नेली की फावडं नाय नेत, फावडं नेलं की गळ नाय नेत. असं का?”

भाचीने सांगितलं, “आजी, निघण्याआधी एकच अवजार निवडायचं, असा नियम आहे.”

“कोणी केला हा नियम? लाकडाला गेलेली बाय येताना पाला आणते, वाटेत विहीर लागली तर हंडा भरते. एका खेपेला एक काम करायला तिला काय घरात चार नोकर हायत? पुरुषाने केला असेल खेळ.”

आम्ही खूप हसलो. (आईचा अंदाज पुरता खरा नव्हता. या कंपनीच्या खेळांची चित्रं ज्यांच्या देखरेखीखाली होतात त्या जेन झी बाईच आहेत.) पण पुढची गंमत अशी, की काही आठवड्यांतच भाचीचा पुण्याहून फोन आला. “मावशी, आजीला सांग, नियम बदलला!” पहिल्या मोठ्या दुरुस्तीतच कंपनीने तो फिरवला होता. आता मेलिनोई जवळची सगळी अवजारं एकाच खेपेत वापरू शकत होती. असंख्य खेळाडूंनी तशी तक्रार केली होती आणि ती ऐकली गेली.

आईला केवढा आनंद झाला! मला मात्र एक गोष्ट टोचत राहिली. ऐकलं गेलं ते आईचं म्हणणं नव्हतंच. आईचं म्हणणं आमच्या पडवीच्या बाहेर गेलंच नव्हतं. जन्मभर खेपा घातलेल्या बाईला जे तासाभरात दिसलं, ते कंपनीला दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं. त्या दिवशी देशाने आईचं मत मोजलं. खेळाच्या जगात मात्र ती मतदारच नव्हती.

या लेखात मला एवढंच मांडायचं आहे. हे अर्धवट खेळ ‘खेळाडूंचं मत’ मागतात आणि त्यावर घडतात, हे खरं. पण मत मागण्याची रीतच अशी आहे की बहुतेक बाया त्या यादीत येत नाहीत. ज्या येतात त्यांना हुसकून लावलं जातं. आणि मग उरलेल्यांचं मत सगळ्यांचं म्हणून खपवलं जातं. आपण हे पुष्कळ ठिकाणी पाहिलेलं आहे. या नव्या ठिकाणी ते आपल्या डोळ्यांदेखत घट्ट होतं आहे आणि आपण ‘पोरांचा खेळ’ म्हणून तिकडे पाठ फिरवून बसलो आहोत.

कुणी अडवलंय?

कुणी म्हणेल, बायकांना कुणी अडवलंय? द्यावं की मत. दार सताड उघडं आहे.

दार कसं उघडं आहे ते बघू. ‘स्टीम’वर खेळाबद्दल अभिप्राय लिहायचा तर तो खेळ तुमच्या खात्यात असावा लागतो. म्हणजे आधी पैसे, मग मत. अभिप्रायाशेजारी तुम्ही किती तास खेळलात तो आकडा छापून येतो. ज्याचे तास जास्त, त्याच्या शब्दाला वजन जास्त, असा तिथला संकेत. आता सांगा, नोकरी करून घरी आल्यावर सलग चार तास स्वतःचे म्हणून कुणाला मिळतात? भाजी निवडताना, पोराचा अभ्यास घेताना, सासऱ्यांचं औषधपाणी बघताना तुकड्यातुकड्याने मिळालेला वेळ हा तास म्हणून मोजलाच जात नाही. घराबाहेर नाही, घरात नाही, आणि या पडद्यावरही नाही.

बरं, यंत्र कुणाकडे आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल आहे. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. ही मोबाईलची आणि साध्या इंटरनेटची गोष्ट झाली. असले खेळ चालायला लागणारा चांगला संगणक तर त्याहून महाग, आणि घरात तो आला तर दादाच्या खोलीत जातो. ताईने त्यावर फॉर्म भरायचा.

भाषेचं काय? खेळ इंग्रजी, चर्चा इंग्रजी. ज्या बाईने आयुष्यभर तोंडी बोलून शंभर भांडणं मिटवली तिचं मत लिहिता येत नाही म्हणून मत नाही.

पैसा, यंत्र, वेळ, भाषा, असे हे एकामागून एक उंबरठे. हे ओलांडून जी मुलगी आत पोचते तिचं काय होतं? ते मला भाचीनेच सांगितलं, आणि त्यात माझाही दोष आहे. म्हणून ते लिहिणं भाग आहे.

“तू त्या वाटेने जाऊच नकोस”

‘हेडीस २’ एकटीने खेळायचा खेळ आहे. पण भाची त्याच सुमारास आणखी एक कच्चा खेळ खेळत होती. त्याचं नाव इथे देत नाही. त्यात चौघांनी मिळून लढायचं असतं आणि एकमेकांशी बोलायची सोय असते. तिने तोंड उघडलं आणि आवाजावरून मुलगी आहे हे कळलं, की पुढे काय होत असे ते सगळं मी छापू शकत नाही. सौम्यातलं सौम्य वाक्य होतं, “भावाला बोलव, तू चहा टाक.” मग तिने त्या खेळाच्या चर्चेत एक सविस्तर मत लिहिलं. अमुक ठिकाणी राक्षसाचा घाव कधी येणार याची सूचनाच मिळत नाही, त्यामुळे ती लढाई कठीण नाही, नुसती अन्यायाची आहे, असा तिचा मुद्दा होता. ही मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. चुका शोधणं हाच तिचा धंदा आहे, आणि त्याचा तिला पगार मिळतो. इथे तिने तेच काम पदरचे पैसे मोडून केलं होतं. उत्तरं काय आली? ‘खेळता येत नसेल तर पोळ्या लाट.’ खेळाच्या मुद्द्याबद्दल एक अक्षर नाही. दोन महिन्यांनी एका पुरुषाने तोच मुद्दा मांडला, त्यावर गंभीर चर्चा झाली आणि नंतर ती लढाई सुधारली गेली.

मी हे ऐकून काय म्हणाले? मी, जी वीस वर्षं गावोगाव बैठका घेत फिरते! मी म्हणाले, “कशाला त्या फंदात पडतेस? बंद करून टाक ते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “मावशी, कॉलेजात असताना त्या गल्लीतली मुलं शिट्ट्या मारायची, तेव्हा बाबा म्हणाले होते, तू त्या वाटेने जाऊच नकोस. तेव्हा तू बाबांशी भांडली होतीस.”

मला उत्तर नव्हतं. आजही नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, हे आपण घोषणा देऊन सांगितलं. पण मुलगी ज्या रस्त्यावर रोज संध्याकाळी जाते तो आपल्याला रस्ताच वाटला नाही.

आता ती त्या खेळात पुरुषाचं नाव घेऊन वावरते आणि बोलण्याचं बटण बंद ठेवते. अभिप्राय लिहिणं तिने सोडून दिलं. म्हणजे त्या कंपनीच्या हिशेबात काय नोंद झाली? एक पुरुष खेळाडू, तक्रार नाही. उद्या कुणी विचारलं की बायका का खेळत नाहीत, तर ते हाच हिशेब पुढे करतील, आणि तो कागदोपत्री खराच असेल.

हे केवळ टवाळीवर थांबत नाही. २०१४ साली अमेरिकेत ‘गेमरगेट’ म्हणून जे झालं ते ज्यांना ठाऊक नाही त्यांनी समजून घ्यावं. खेळ बनवणाऱ्या आणि खेळांवर लिहिणाऱ्या बायकांना झुंडीने धमक्या देण्यात आल्या, काहींना घर सोडून जावं लागलं. खेळांमध्ये बायका कशा दाखवतात याची चिकित्सा करणाऱ्या अनिता सार्किसियन यांचं त्या ऑक्टोबरमध्ये युटा राज्यातल्या एका विद्यापीठात व्याख्यान होतं. गोळीबाराची धमकी आली. सभागृहात बंदुका आणायला तिथल्या कायद्याने मज्जाव करता येत नव्हता, म्हणून त्यांना व्याख्यान रद्द करावं लागलं. त्यांनी केलं काय होतं? अभिप्राय दिला होता.

कुणाची ओरड कुणाच्या कानी

कंपन्यांना ऐकू येत नाही अशातला भाग नाही. ‘पाथ ऑफ एक्झाइल २’ हा न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सचा ॲक्शन रोल-प्लेइंग खेळ ६ डिसेंबर २०२४ ला असाच कच्चा विक्रीला आला. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी एक मोठा बदल केला आणि खेळाडू खवळले. लढाया रटाळ झाल्या, आपले घाव बोथट झाले, कष्टाच्या मानाने हाती काही लागत नाही, अशी ओरड झाली. नापसंतीच्या अभिप्रायांचा ढीग पडला आणि काही दिवसांतच कंपनीने घाईघाईने दुरुस्त्या सुरू केल्या. ऐकायचं ठरवलं की असं ऐकता येतं.

आता याच खेळातली दुसरी गोष्ट बघा. तो आला तेव्हा त्यात निवडायला सहा पात्रं होती. चेटकीण, जादूगारीण आणि धनुष्य घेऊन रानात फिरणारी या तिघी बाया. योद्धा, साधू आणि भाडोत्री सैनिक हे तिघे पुरुष. संख्या अगदी समसमान, तक्रारीला जागा नको. पण घणाचे घाव घालणारा योद्धा व्हायचं असेल तर पुरुषाचंच शरीर घ्यावं लागतं, आणि चेटूक करायचं असेल तर बाईचंच. अदलाबदल नाही. बाईच्या वाट्याला चेटूक, पुरुषाच्या वाट्याला घण! ज्या देशात आजही बाईला चेटकीण ठरवून मारतात त्या देशातल्या मुलींना हा खेळ खेळताना काय वाटतं, हे कुणी विचारलं आहे का? घावाचे आकडे चुकले तर दिवसांत सुधारतात. ही विभागणी मात्र कंपनीच्या २०१३ सालच्या पहिल्या खेळापासून चालत आली आहे.

अशा खेळांत सर्वांत कडवं भांडण होतं ते कठीणपणावरून. जो म्हणेल ‘थोडं सोपं करा’ त्याची रेवडी उडते. मुरलेल्यांना वाटतं, सोपं केलं की आपल्या मर्दुमकीची किंमत उतरली. याला आपल्या अंगणात फार जुनं उत्तर आहे. लहानपणी लपंडाव खेळताना धाकटं भावंडं मागे लागायचं, तेव्हा आपण काय करायचो? त्याला ‘कच्चं लिंबू’ घ्यायचो. ते धावणार, लपणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. त्यामुळे आपला खेळ कधी बिघडला नाही, आणि त्या पोरालाही वर्षभरात खेळ येऊ लागला. ‘हेडीस’च्या दोन्ही भागांत अशी सोय मुद्दाम ठेवली आहे. पहिल्या भागात ती घेतली की लागणारा मार २० टक्क्यांनी कमी होतो, आणि दर हरण्यामागे आणखी २ टक्क्यांनी कमी होत होत ८० टक्क्यांपर्यंत जातो. गोष्ट तीच, शेवट तोच, कुणाची हेटाळणी नाही. म्हणजे कच्च्या लिंबालाही घेऊन चांगला खेळ करता येतो. प्रश्न मर्जीचा आहे.

आपल्या पुण्याचं उदाहरण

परदेशाचं राहू द्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ काढला. ऑगस्ट २०२० मध्ये तो एका यंत्रावर आला आणि ऑक्टोबरात इतर ठिकाणी. आमच्या तळ्यात तेव्हा ३ जूनच्या निसर्ग वादळात उडालेली छपरं पुरती शाकारलीही नव्हती, तेव्हा आम्हाला त्याचा पत्ता कुठून असणार! पण त्याच वर्षी जगातल्या नव्या खेळकर्त्यांच्या पहिल्या खेळांसाठी असलेल्या नामांकनात तो जाऊन बसला. त्याच्या संस्थापकांपैकी एक श्रुती घोष, चित्रांची बाजू त्यांची. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा प्रयत्न फसला होता. तरीही त्यांनी तो पुरा केला, याचं कौतुक करायलाच हवं.

नायिका राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवतात. दुर्गा तिला निवडते, त्रिशूळ देते, आणि राजी भावाला सोडवायला निघते. राखी बांधून भावाकडे रक्षण मागायची आपली रीत, इथे बहीणच भावाचं रक्षण करते. मला ते फार आवडलं.

हा खेळ अर्धवट विकलेला नव्हता. पण अभिप्रायाचं चक्र त्यालाही चुकलं नाही. लढाईत सफाई नाही, खेळ लहान आहे, एकदम तुटल्यासारखा संपतो, अशा तक्रारी झाल्या. २०२२ मध्ये सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यात लढाई आणि हालचाली सुधारल्या, आणि पात्रांना हिंदी आवाजही मिळाले. म्हणजे ऐकलं गेलं, आणि चांगलं ऐकलं गेलं.

पण आमच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा बायकांनी वेगळेच प्रश्न विचारले. एकीने विचारलं, “भाऊ हरवला नसता तर ती मुलगी घराबाहेर पडली असती का?” दुसरी म्हणाली, “देवीने निवडलेलीच लढणार. मग न निवडलेल्या आम्ही काय करायचं?” तिसरीचा प्रश्न होता, की सर्कशीतली, म्हणजे जिच्याकडे गाव वाकड्या नजरेने बघतं अशी मुलगी, जिंकून परत आल्यावर गाव तिला घेतं का? मी त्या खेळाबद्दलचे पुष्कळ अभिप्राय भाचीकडून वाचून घेतले. त्यात मला यातला एकही प्रश्न दिसला नाही. लढाईची सफाई प्रत्येकाने तपासली होती. लढाई कशासाठी, हे तपासणाऱ्या आमच्या बैठकीत चटईवर बसल्या होत्या.

असले प्रश्न विचारून खेळात काय फरक पडतो, असं कुणाला वाटेल. पडतो. ‘हेडीस २’ पुरा होऊन आल्यावर त्याच्या शेवटाबद्दल बरीच नाराजी झाली. इतकं लढून अखेरच्या निर्णयात मेलिनोईचाच शब्द तोकडा पडला, असं अनेकांचं म्हणणं होतं. २०२५ संपायच्या आत कंपनीने शेवटच्या भागात बदल केले आणि भर घातली. एका मुलीच्या लढ्याचा निकाल तिच्या हातात असावा, हे म्हणणं पडद्यावर उतरू शकतं. पण ते म्हणणारं कुणी तिथे असावं लागतं.

‘आधी पाणी, मग खेळ’

हा लेख लिहिते आहे असं मी आमच्या एका जुन्या कार्यकर्तीला सांगितलं, तेव्हा ती रागावली. “मे महिन्यात वाडीवर टँकरची वाट बघतात बाया. आणि तू खेळांवर लिहिणार?” तिचा राग खोटा नाही. पण हाच आक्षेप आपण सिनेमांच्या पोस्टरांवर बोललो तेव्हा आला होता, टीव्हीच्या मालिकांवर बोललो तेव्हाही आला होता. आधी भाकरी, मग बाकीचं. बाईच्या बाबतीत ते ‘मग’ कधी येतच नाही. विरंगुळा हा बाईचा हक्क नाही, ती चैन आहे, हेच आपल्याला शिकवलं गेलं. लंगडी, सागरगोटे खेळणारी मुलगी न्हातीधुती झाली की तिचा खेळ बंद होतो, मुलाचा चालू राहतो. झिम्माफुगडी तेवढी मंगळागौरीपुरती. आज जे शहाणपण, शौर्य, चांगलं-वाईट पूर्वी पोथीतून आणि नंतर सिनेमातून पोरांच्या मनात उतरायचं, ते या खेळांतून उतरतं आहे. पोथ्या लिहिल्या गेल्या तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. इथे तर निदान ‘तुमचं मत सांगा’ अशी पाटी लावून ठेवली आहे!

आधी बायकांची सभा

मग करायचं काय? उत्तर आपल्याच अनुभवात आहे. ग्रामसभेत बायकांना यायला कायद्याने कधी बंदी नव्हती. तरीही त्या गप्प बसत, किंवा येतच नसत. ‘दार उघडं आहे’ हे उत्तर आपण मान्य केलं नाही. म्हणून आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद झाली. ती सभा सगळीकडे नीट होते असं नाही, कागदावर अंगठे उमटवूनही उरकतात. पण जिथे खरी होते तिथे पाण्याचा, दारूचा, वाटेवरच्या दिव्याचा विषय आधी बायकांत बोलून पक्का होतो आणि मग सभेत जातो. एकटीचा आवाज दाबता येतो, ठराव दाबणं अवघड जातं.

पुण्या-मुंबईत खेळ बनवणाऱ्यांना आमचं सांगणं आहे:

कच्चा खेळ बाजारात काढण्याआधी तो बायकांच्या गटात खेळायला द्या, आणि फक्त इंग्रजी बोलणाऱ्या, महागडा संगणक असलेल्या गटात नको. बचत गटात आणा, वसतिगृहात न्या, आमच्या तळ्यात या. आमच्याकडून खेळाचे पैसे घेऊ नका, उलट आमच्या वेळाचे पैसे द्या. चूक शोधणं हे काम आहे. बायकांचं काम फुकट समजण्याची सवय खेळात तरी आणू नका.

मराठीत मत ऐका, तोंडी सांगितलेलं मत ऐका. तास मोजू नका.

शिवीगाळ करणाऱ्याला काढायची व्यवस्था खेळ विकायला काढायच्या दिवशीच तयार हवी. खेळ कच्चा आहे ही सबब राक्षसाच्या चालीला चालेल. मुलीच्या अब्रूवर घाला घालणाऱ्याला ती लावू नका.

आणि ज्यांच्या सांगण्यावरून खेळ सुधारला त्यांची नावं खेळात द्या. हे काही नवीन मागणं नाही. तळ्याजवळ कुड्याची लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत बायका आहेत. एका लेखात पदुमनिका नावाची भिक्षुणी आहे, आणि तिची ओळख दिली आहे ती नागनिका या भिक्षुणीची मुलगी म्हणून, आईच्या नावाने. दगड फोडून लेणं घडत होतं तेव्हा ज्यांनी हातभार लावला त्यांची नावं दगडात राहिली. पडद्यावर चार ओळी लिहायला काय हरकत आहे?

हे झालं त्यांच्यासाठी. आता आपल्यासाठी. मुलगी लॅपटॉपवर खेळत असेल तर ‘अभ्यास कर’ म्हणण्याआधी दहा मिनिटं शेजारी बसा. काय चाललंय ते विचारा. तिला कुणी घाण बोललं असेल तर ‘बंद कर’ म्हणू नका. मी म्हणाले, आणि एक शहाणी मुलगी गप्प झाली. तिने पुन्हा लिहावं, आणि एकटीने लिहू नये. चौघींनी मिळून लिहावं, म्हणजे उत्तर देणाऱ्याला चौघींशी गाठ घालावी लागेल.

भाची या दिवाळीला येणार आहे. लॅपटॉप आणायला सांगितलं आहे. आमच्या गटातल्या आठ जणी ‘राजी’ बघायला बसणार आहेत, आणि आपापलं म्हणणं सांगणार आहेत. भाची ते मराठीत उतरवून घेणार आणि पुण्याच्या मंडळींना पत्राने पाठवणार. खाली आठ सह्या असतील, त्यांतला एक आईचा अंगठा.